विरघळणारा स्क्रू

तिसऱ्या दिवशी दिंद्रुडच्या स्मशानात आबांची राख सावडायला भावकी जमली. नदी कोरडी म्हणून टँकरचं तांब्याभर पाणी शिंपडून आबांचे धाकटे भाऊ अस्थी वेचत होते. त्यांच्या हाताला स्टीलचा स्क्रू लागला, अख्खा. सगळ्यांनी राधाकिशनकडे, आबांच्या मुलाकडे पाहिलं. हाड जुळल्यावर विरघळून जाणारे मॅग्नेशियमचे स्क्रू तो पुण्याच्या प्रयोगशाळेत बनवायचा. आबांचा घोटा मोडला तेव्हा ते हटून बसले होते, "बसवायचा तर माझ्या पोराचाच!" माणसांत वापरायला अजून परवानगी नव्हती. डॉक्टरांना स्टीलचा बसवू देऊन राधाकिशननं आबांना सांगितलं, "माझाच हाय." आबा दूध सोसायटीच्या रांगेत धोतर वर करून घोटा दाखवायचे. "काका, तो…" राधाकिशननं स्क्रूकडे हात नेला. चुलत्यांनी स्क्रू उपरण्याला पुसला. "तरीच रोज ठणकायचा बग. मी म्हनायचो, दवाखान्यात दाखीव. दादा म्हनायचा, 'दुखू दे, पोराचा स्क्रू विरघळतोय.'"