लोण्याची ओवी

श्रावणात आमच्या गावच्या देवळात रोज पोथी लागायची. त्या वर्षी वाचायला सगुणाबाई बसली. साक्षरता वर्गात नुकतीच अक्षरं शिकलेली, ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचायची. पुंजाराम समोरच बसायचा आणि रोज कपाळाला आठ्या घालून उठायचा. ही बाई पोथीच्या नावाखाली आपल्यालाच टोमणे मारते, हिला कोणीतरी पढवलंय, अशी त्याची खात्रीच झाली होती.

चौथ्या दिवशी कृष्णानं शेजारणीचं लोणी चोरल्याची ओवी आली, तसा तो ताडकन उठला.

"चार दिवस ऐकून राह्यलो! माझ्या भावानंच सांगितलं ना तुला, त्या बांधाचं?"

"कोणत्या बांधाचं?" मागं बसलेल्या भावानं विचारलं.

"जसं काय तुला ठाऊकच न्हाई! तुझ्या रानात मी दोन हात सरकवला, तो!"

सगुणाबाईनं ओळीवरचं बोट हलवलं नाही.

"मला जोडाक्षरं धड वाचता येत न्हाईत भाऊजी, मनाचं कुठून घालू? पोथीत नुसतं लोणी हाय. बांध तुम्ही घरून आणला."