दस्त्याचा रंग

"बघ गं दुर्गे, आला का रंग?"

दत्तोबांनी रायफलीचा दस्ता बायकोच्या हातात दिला. त्यांचं गिऱ्हाईक यशवंतराव, त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं घडवलेली ही रायफल. जुना दस्ता तडकला, म्हणून दत्तोबांनी अक्रोडाचा नवा कोरला होता. रंग अगदी जुन्यासारखा हवा, एवढीच यशवंतरावांची मागणी.

चिंचवडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड दत्तोबांचं आणि रंग दुर्गाबाईंचा, हे लग्नापासूनच ठरलेलं. अक्रोडाच्या सालींचा काढा दत्तोबा फडक्यानं चोळायचे, त्या 'थांबा' म्हणाल्या की थांबायचे. एक हात जास्त झाला की लाकूड काळं पडलंच, मग सगळं मुसळ केरात! फडकं धुवायचं कामही दुर्गाबाईंचं. हल्ली मात्र दत्तोबा ते करू देत नसत. काढ्यानं तुझे हात फाटतात, म्हणायचे.

पण बहात्तरच्या संक्रांतीपासून दुर्गाबाईंना सगळं धुरकट दिसायला लागलं होतं. तांबडं काय नि काळं काय! नवऱ्याला त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. डोळे गेले म्हटल्यावर हा माणूस आपल्याला विचारायचाच नाही. मग या शेडमध्ये आपण कशाला, नुसता चहा करायला? या विचारानंच त्यांना रडू फुटायचं.

दस्ता त्यांनी दारातल्या उन्हात नेला, उगीच उलटासुलटा केला.

"अजून एक हात द्या," त्या अंदाजानं म्हणाल्या.

"तू म्हणशील तसं."

वाटी वाजली. फडकं लाकडावरून फिरू लागलं.

"थांबा! झालं."

"झालं तर झालं. तुझी नजर म्हंजे नजर हाय, बाई."

फडकं खाली ठेवतात न ठेवतात तोच कंपनीचा भोंगा झाला आणि यशवंतराव दारात आले. दस्ता हातात घेऊन त्यावरून बोटं फिरवत राहिले. दुर्गाबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला.

"वहिनी," यशवंतराव म्हणाले, "आमचे वडीलच समोर उभे राहिले हो! कसं जमतं तुम्हाला?"

दुर्गाबाईंचा जीव भांड्यात पडला. याही खेपेला निभावलं!

पाहुण्यांना पोचवायला दत्तोबा रस्त्यापर्यंत गेले. आज फडकं तरी आपण धुवावं, म्हणून दुर्गाबाईंनी चाचपडत ते उचललं.

फडक्याला साबणाचा वास येत होता, आणि ते ठणठणीत कोरडं होतं.