फ्रिजवरचा फोटो

"निवी, आता तुझा नंबर सांग," लॅपटॉपवरून मान न उचलता जेमा म्हणाली.

टेबलावर दोन मरून रंगाचे ब्रिटिश पासपोर्ट उघडे पडले होते, एक जेमाचा, एक टॉमचा. ईस्टरच्या सुट्टीत कॉलेजातल्या पाच जणांनी स्पेनला, बेनिडॉर्मच्या समुद्रावर जायचं, ही कल्पना मुळात निवीचीच. हॉटेल तिने शोधलं, तारखा तिने जुळवल्या. आता विमानाची तिकिटं तेवढी काढायची राहिली होती, आणि वेबसाइट प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर मागत होती.

"वर आहे. आणते," म्हणत निवी उठली आणि जिन्याऐवजी ओट्यापाशी आली. तिथे अरुणा, तिची आई, वडे तळत होती. लेकीच्या नाकातोंडात पाणी चाललंय हे तिला न सांगताच कळलं.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या त्या घरात वर कुठलाही पासपोर्ट नव्हता. तिघांचेही निळे भारतीय पासपोर्ट जानेवारीपासून होम ऑफिसकडे होते, कायम राहण्याच्या परवानगीसाठी. ते यायचे तेव्हा येतील, आणि आले तरी निळ्या पासपोर्टला स्पेनचा व्हिसा लागतो तो निराळाच. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. निवीच्या बाबांच्या, विनयच्या ऑफिसातल्या एकाने अर्ज टाकल्या टाकल्या गावभर पेढे वाटले होते, आणि दोन महिन्यांत त्याला सामान बांधावं लागलं. तेव्हापासून विनयचा घरात कायदाच होता: शिक्का बसेपर्यंत कुणापाशी ब्र काढायचा नाही. इंजिनियर माणसाचा हा अडाणीपणा अरुणाला पटत नव्हता. मोडायचा धीरही होत नव्हता. न जाणो!

रोज सकाळी निवी लेटरबॉक्सकडे कान लावून बसायची आणि दुपारी कॉलेजात जाऊन प्लॅन आणखी थोडा पुढे ढकलायची. आज येतील, उद्या येतील. आता उद्या उरला नव्हता.

"हसत बोल," वडा उलटत अरुणा मराठीत म्हणाली. टेबल चार पावलांवर होतं. "ते बघतायत."

"आई, काय सांगू? हरवला म्हणू?" निवी हसली.

"शोधायला लागतील. तो टॉम तर पलंगाखाली शिरेल."

"मग खरंच सांगून टाकते. बाबांना काय वाटायचं ते वाटू दे." निवीने चटणीची वाटी उगाच उचलून खाली ठेवली. ओठ हसत होते, डोळे भरले होते. "नाही, नको. त्यांनी विचारलं, परवानगी नाही मिळाली तर, तर मी काय सांगू? त्यांना वाटतं मी इथलीच आहे. आई, मी कदाचित इथे नसेन, हे मला माझ्या तोंडाने नाही म्हणायचं."

"निवी, मिळाला का?" टॉमने हाक मारली. "सहा मिनिटांत हे पेज बंद होईल. परत सगळं पहिल्यापासून भरावं लागेल."

अरुणाने गॅस बंद केला. हात पुसले. चार पावलं चालून ती टेबलाशेजारच्या फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. फ्रिजच्या दारावर तिचा एक जुना फोटो होता. हरिहरेश्वरच्या वाळूत सायकल धरून उभी असलेली वीस वर्षांची अरुणा, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो आता तिच्या पाठीमागे गेला.

"निवी येणार नाही," ती इंग्रजीत एकेक शब्द तोलून म्हणाली. "बरोबर मुलगे आहेत, हे मला आज कळलं. आमच्यात मुली अशा जात नाहीत."

टॉमचे कान लाल झाले. "मिसेस गोखले, खोल्या वेगवेगळ्या आहेत. खरंच."

"नाही म्हणजे नाही."

आपल्याच तोंडून हे ऐकताना अरुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवी आ वासून बघत राहिली.

"आई, तू काय..."

"रड," अरुणा मराठीत म्हणाली, आवाज तसाच करडा ठेवून. "आता खुशाल रड."

निवीला ढोंग करावं लागलं नाही. सकाळपासून अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. जेमाने तिला जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून अरुणाकडे असं पाहिलं की अरुणाने नजर खाली वळवली.

तिकिटं चारच निघाली. वड्यांच्या ताटलीला कुणी हात लावला नाही. अरुणाने फॉइलमध्ये बांधून दिलेली पुडी जेमा दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवून निघाली. विसरली असं म्हणायला जागा नव्हती.

दाराशी तिचा आवाज मुद्दाम मोठा झाला. "तू अठरा वर्षांची आहेस. अशा बाईला विचारायचंच कशाला?"

अरुणाला वाटलं, आता पोरगी बोलणार, सगळं सांगून टाकणार.

"माझ्या आईबद्दल बोलू नकोस, जेमा," निवी म्हणाली. "ती नाही म्हणाली, मी येत नाहीये. बस."

दार बंद झालं. निवी पुडी घेऊन आत आली, तोंड सुजलेलं, नाक लाल. ती फ्रिजसमोर येऊन उभी राहिली.

"या सायकल ट्रिपला मुलगे किती होते गं?"

"अकरा."

"आणि मुली?"

अरुणाने पुडी सोडली आणि एक वडा तिच्या हातात दिला.

"मी."