टीपॉयची जागा

सुरुचीच्या हातून कार्पेटवर लाल नेलपॉलिश सांडलं, आणि तेवढ्यात देवळातून निघाल्याचा सासूबाईंचा फोन आला. "आपल्या घरात नखं रंगवायची न्हाय," हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बजावलेलं. तिने व्हिनेगर ओतलं, टूथपेस्ट चोळली, सॅनिटायझरही मारून पाहिलं. डाग उलट पसरतच गेला. शेवटी तिने टीपॉय ओढून त्याच्यावर आणला.

टीपॉयच्या मूळ जागी नेलपॉलिशचाच एक डाग होता. जुना, गुलाबी, कडेला टूथपेस्ट वाळलेली. घरात तिसरी बाई नव्हती.

बाहेर लिफ्ट थांबली. सुरुचीने टीपॉय परत होता तिथे ढकलला.

आत येताच सासूबाईंनी लाल डाग पाहिला. मग टीपॉयकडे पाहिलं.

"हलवलास का गो?"

"नाही, आई."