दोन्ही तळवे

सकाळच्या शांततेत फडताळावरच्या कॅमेऱ्यानं मान वळवली, कट्. पाठोपाठ फोन वाजला.

"सुलक्षाबाई, मुलीच्या मुठीत काय आहे?" कसिनोच्या देखरेख कक्षातले केरकर विचारत होते. "दिसत नाहीये."

सुलक्षा कसिनोत पत्ते वाटायची. नव्या कायद्यानं पत्ते वाटणाऱ्यांच्या घरातही कॅमेरे आले होते, आणि घरात कुणी काही लपवलं तर तिचा परवाना जाणार होता.

"चिंचोका असेल. चार वर्षांची आहे ती!"

"तसं नाही चालत. उघडून दाखवा."

"परवा एका गिऱ्हाइकानं माझा हात पिरगाळला, भर टेबलावर. ते दिसलं का तुम्हाला?"

"खेळणाऱ्यांना चित्रणातून पुसायचं, असा कायदाच आहे. त्यांना अब्रू असते, बाई."

"आणि आम्हाला?"

"दहा सेकंद देतो," केरकर म्हणाले.

लाटण्यानं तो कॅमेरा फोडावा असं तिला वाटलं. पण तिनं उर्वीच्या केसांतून हळूच हात फिरवला. "मूठ उघड बघू, बाळा."

चिंचोका फरशीवर पडला. मग कुणी न सांगता उर्वीनं टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवले. टेबल सोडताना, हातात काही लपवलं नाही हे दाखवायला, सुलक्षा रोज तसंच करायची. घरीही, सवयीनं, उर्वीला थोपटून उठताना.

कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला.

"आई," उर्वीनं विचारलं, "आपण काय चोरलंय?"