पोट भरल्याची खबर

पोरीनं तोंड घट्ट मिटलं. कुस्करलेलं केळं ओठांवरून हनुवटीवर, तिथून आजीच्या बांगड्यांवर. आजी कसली हार मानते! तिनं चमच्यानं वाटी वाजवली. पोर हसली, तोंड उघडलं, तेवढ्यात घास आत.

समोर पोरीचा बाप तिसऱ्यांदा वाढून घेत होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला ढोल्या म्हणायचे, बायकोसुद्धा, लाडात आली की. सकाळीच तो लिफ्टच्या छतातल्या झाकणात अडकला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. दोघांनी पाय धरून ओढला तेव्हा सुटला. साहेबानं तसाच डॉक्टरकडे हाकलला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट भरलं हे तुम्हाला कधी कळतं?"

"पातेलं रिकामं झालं की."

बाई हसल्याच नाहीत. ढोल्याची तिथंच टरकली. त्या म्हणाल्या, 'बास' हे पोट नाही, डोकं सांगतं. आणि डोकं ते तान्हेपणीच शिकायला लागतं. त्या वयात उपाशी ठेवलं किंवा कोंबलं, तर ते शिकणं बिघडू शकतं.

ढोल्याला हे झटक्यात पटलं. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ती कोकलते, जागची हलत नाही. मग एखादा शहाणा सोसायटीवाला म्हणतो, कटकट नको, त्या भोंग्याची वायरच काढून टाका. पुढे लिफ्ट गपगुमान कितीही माणसं घेते.

घरी येऊन जेवताना त्यानं हे सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमची वायर आईंनी काढली?" बायको खो खो हसली.

आजी मात्र भडकली. "जन्मलास तेव्हा उंदराएवढा होतास! जगत नाही म्हणाले होते सगळे. नाक दाबून भरवलं, म्हणून आज मला अक्कल शिकवतोयस."

खोटं काय होतं त्यात? ढोल्या ताटात वाकला.

पोरीनं मान फिरवली. आजीनं ती सरळ केली. पोरीनं परत फिरवली. आजीनं चमचा पुढे आणला आणि दुसऱ्या हातानं तिचं इवलंसं नाक धरलं.

ढोल्यानं आईचं मनगट पकडलं.

"बास कर, आई. पोट भरलंय तिचं."

"पोट भरलं म्हणजे काय, तुला रे काय कळतंय?"

"मला नाही कळत," तो म्हणाला. "तिला कळतंय. या घरात एकटीलाच."