नवरा जिवंत असताना

बाजारात आज सगळे अकुन्नाशी भलतेच चांगले वागत होते. पालेभाजीवालीने न मागता एक जुडी जास्त घातली. मिरचीवाल्याने घासाघीस केलीच नाही, नुसती मान खाली घातली. अकुन्नाला वाटलं, आपलं नवीन डोकं लोकांना आवडलेलं दिसतंय.

आवडायलाच हवं होतं. वयाच्या नवव्या वर्षापासून ती केस सरळ करायची क्रीम लावत आली होती, वर कधी विग, कधी खोट्या वेण्या. कानशिलं जळून टक्कल पडायला लागलं तेव्हा क्रीम सोडली, सहा महिने दम धरला, आणि काल सगळी सरळ टोकं कापून टाकली. उरले ते तिचे स्वतःचे. बोटाच्या पेराएवढे, गच्च, कुरळे. पंचवीस वर्षांनी भेट झाली म्हणायची. सकाळी तिने डोकं थेट नळाखाली धरलं. पाणी टाळूपर्यंत पोचलं. एवढं साधं सुख, आणि केस बिघडतील म्हणून ही बाई इतकी वर्षं पावसाच्या थेंबाला घाबरून पळत होती.

केळीवाल्या उकामाका मावशीने मात्र हात धरून तिला फळीवर बसवलं. हातात दोन केळी ठेवली आणि हळूच विचारलं, "माती गावी देणार की इथंच एनुगूला?"

"कुणाला?"

मावशी तिच्या डोक्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे अकुन्नाच्या लक्षात आलं. त्यांच्यात बाईचं डोकं असं भादरतात ते नवरा गेल्यावर.

तिला हसू आवरेना. तिने सांगितलं की नवरा, चिडुबेम, जॉसला बटाटे आणायला गेलाय, ठणठणीत आहे, कालच फोनवर तिथल्या जेवणाला नावं ठेवत होता. मावशीला हे फसवल्यासारखं वाटलं.

"मग जिवंत माणसाच्या नावाने डोकं कशाला भादरलंस गं?" ती म्हणाली, आणि दोन्ही केळी परत घेतली.

हसता हसता अकुन्ना एकदम थांबली. दुपारच्या बसने सासू गावाहून येणार होती. चिडुबेम तिचा एकुलता एक मुलगा. त्यात म्हातारीला रक्तदाब, रोजच्या दोन गोळ्या. तिने आधी हे डोकं बघितलं तर ऐकून घ्यायला ती शुद्धीवर तरी राहील का? आणि विग तर काल मोठ्या ऐटीत कचऱ्यात टाकलेला. अकुन्नाने मावशीच्या केळ्यांवरचं फडकं ओढलं, डोक्याला गुंडाळलं आणि घराकडे पळत सुटली.

बस नेमकी आज लवकर आली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या, ती त्यांना आईच म्हणायची. आणि पळून पळून सैल झालेलं फडकं फाटकातच खाली पडलं.

आई ओरडल्या नाहीत. हातातली पिशवी खाली ठेवली, स्वतःच्या डोक्याचं कापड सोडलं आणि अंगणात मातीवर बसल्या.

"कधी?" एवढंच म्हणाल्या.

अकुन्नाने शपथा घेतल्या. चिडुबेम जॉसला गेलाय, बटाटे आणायला गेलाय, उद्या परवा येईल. जितकं ती सांगत होती तितका आईंचा चेहरा उतरत होता. मेलेल्या माणसाला आधी प्रवासालाच पाठवतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. खरं काय ते दोन दिवसांनी सांगतात.

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला तसा आईंनी फोन ओढून घेतला.

"तू कोण ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा असशील तर सांग. लहानपणी माझ्या रश्श्यातनं काय चोरलंस, आणि मार कुणी खाल्ला?"

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला.

"सुका मासा," चिडुबेम म्हणाला. "मार ताईने खाल्ला. आई, हे विचारायला फोन केलास?"

आईंनी फोन छातीशी धरला. मग आभार मानायला जी सुरुवात केली ती संपेचना. देवाचे मानले, स्वर्गातल्या नवऱ्याचे मानले, जॉस गावाचे मानले, बटाट्यांचे मानले. अकुन्ना बाजूला उभी राहून आपल्या पाळीची वाट बघत होती. आता बोलणी बसणार, हे ठरलेलं.

म्हणून तिने आपणहूनच सगळं सांगून टाकलं. कानशिलं दाखवली. सकाळचा नळही सांगितला.

आईंनी तिला जवळ बसवलं आणि तिच्या केसांत बोटं घातली. बराच वेळ काढलीच नाहीत. त्यांचं स्वतःचं डोकं अजून उघडंच होतं. मुळाशी पांढरं, पुढे लालसर, आणि लेक दर नाताळला क्रीम लावायची त्यामुळे टोकं खराट्यासारखी.

"तुझे सासरे गेले तेव्हा पाच जणींनी मला धरून बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "पत्ती बोथट होती. मला कुणी विचारलं नाही."

आईंनी बाजूचं स्टूल ओढलं आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. माझंही हे सगळं काढून टाक, म्हणाल्या.

कात्री आली. पहिली बट हातात धरली आणि अकुन्नाने घाईघाईत कात्री चालवली.

"सावकाश काप," आई म्हणाल्या. "आज कुणी मेलेलं नाही."